पायाळूची पाठ

मी पायाळू आहे हे माझ्या आईने बघण्याच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं, लपवलं आणि नंतर कळलं तर बोल नको म्हणून. पायाळू म्हणजे डोक्याऐवजी पायाने जन्मलेली. माझा डावा पाय आधी आला, पाय बाहेर आणि बाकीची मी आत, असं आमची सुईण मी मोठी होईपर्यंत गावभर सांगत फिरायची. आईला वाटलं सासरचे नाक मुरडतील. पण सासूबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि माझ्या पायांकडे बघितलं, तोंडाकडे नंतर. "डावा का उजवा?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, डावा. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "आमच्या चाळीत एक पण पायाळू नाही. उसण भरली की पार ठाकुर्लीला जावं लागतं." असं माझं लग्न ठरलं. सातवीत शाळा सुटलेली, रंग सावळा, हुंडा नाही, पण डावा पाय होता.

कोपरला तेव्हा बैठ्या चाळी होत्या. दोन खोल्या, वर पत्रा, मागे मोरी, पुढे ओटा आणि मध्ये दगडी उंबरठा. खाडीवर रेतीच्या होड्यांचं इंजिन दिवसभर फटफट करायचं, इतकं की ते बंद पडलं की कानाला चुकल्यासारखं व्हायचं. वारा फिरला की एमआयडीसीचा वास घरात यायचा आणि भाताला पण तोच वास. हे तिथेच रंगाच्या कंपनीत होते, घरी यायचे तर नखं निळी. घरात आम्ही तिघं, हे, मी आणि सासूबाई, त्यांना मी आई म्हणायचे. आई कडक होत्या पण वाईट नव्हत्या, हे मी आज म्हणते, तेव्हा म्हटलं नसतं. सकाळी कुळथाची पिठी त्याच करायच्या, मला करू द्यायच्या नाहीत, म्हणायच्या तुझी पातळ होते.

लग्नाला महिना झाला नाही तोच लोक यायला लागले. पाठीत चमक भरली, कंबर धरली की पायाळूची लाथ घ्यायची, बरं वाटतं, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. लाथ म्हणजे जोरात नाही काही. माणसाने उंबरठ्याशी पालथं झोपायचं, मी आतून यायचं, डावा पाय त्याच्या दुखऱ्या जागेवर तीनदा टेकवायचा, तिसऱ्यांदा जरा दाबून, आणि त्याने मागे न बघता उठून जायचं. पैसे घ्यायचे नाहीत. रविवारी सकाळपासून ओट्यावर माणसं बसलेली. मला पहिल्यांदा इतकी लाज वाटायची, बापाच्या वयाचे लोक, त्यांना पाय लावायचा! मी आधी त्यांच्या पाया पडायचे आणि मग लाथ मारायचे. ओट्यावरची मंडळी हसायची. "वहिनी, एकदा काय ते ठरवा," म्हणायची.

त्या ओट्यावर मी माणसं दुखणं कसं कसं सांगतात ते बघितलं. कंपनीतले लोक मशीनबद्दल बोलल्यासारखं बोलायचे, "वहिनी, बेअरिंग गेलंय, जरा ठोका." त्यांना कमरेचा पट्टा मिळायचा, रजा मिळायची, पाठ दुखते म्हणायला त्यांना काही वाटायचं नाही. बँकेतले एक काका एक्स-रे घेऊन यायचे आणि लाथेच्या आधी मला तो उजेडात धरून दाखवायचे, मला त्यात काय कळणार, मी मान हलवायचे. बांधकामावरच्या तेलगू बाया ओट्यावर चढायच्याच नाहीत, खाली गटाराशी उभ्या राहायच्या, आईंनी दोनदा हाक मारली की मग यायच्या, आणि कुठे दुखतं विचारलं तर हाताने सगळं अंग दाखवायच्या. कोणाच्या पाठीवर बिब्ब्याचे काळे डाग, कोणाला डागलेलं, कोणाला बामचा वास, एकदोघांना सकाळीच दारूचा. खाडीकडच्या कोळणी मात्र कमरेला शिव्या द्यायच्या, जशी काय ती घरातली सवत. त्यातली हिराबाय नेहमीची. जाड, काळी, कपाळाला भलंमोठं कुंकू, पाटी डोक्यावर घेऊनच यायची. पालथी झोपायची आणि म्हणायची, "मार गो पोरी, नवऱ्याची समजून मार." जाताना ओट्यावर मूठभर जवळा ठेवून जायची. ते पैसे नव्हेत, म्हणायची, तो मासा आहे.

मग मनी झाली. माझं बाळंतपण फार अवघड गेलं, त्याचं सगळं काही मी इथे लिहीत नाही, पण त्यानंतर माझ्या कमरेतून डाव्या पायात एक तार गेल्यासारखी झाली. तापलेली तार. बसले की ती ओढली जायची, उठले की तुटते की काय वाटायचं, शिंकायची तर मला भीतीच वाटायची. आणि डावाच पाय. सव्वा महिना झाला, डिंकाचे लाडू संपले, अळिवाची खीर संपली, मला वाटलं आता जाईल. नाही गेलं. सहा महिने झाले तरी नाही. मनीला खालून उचलताना माझा श्वास अडकायचा. म्हणून मी गाद्यांची चळत केलेली, तिच्यावर तिला ठेवायची, म्हणजे वाकायला नको. कडेवर घेऊन मोरीकडे जाताना एका हाताने भिंत धरायची. माझ्या डोक्यात एकच, पोरगी हातातून पडणार. आज ना उद्या पडणार. रस्त्यात, मोरीत, स्टोव्हवर. डोळे मिटले की मला ते पडणंच दिसायचं.

आईंना मी एकदाच सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान पण वर केली नाही. "पायाळूची पाठ दुखत नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, पण दुखते आई. तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. "अगं, बाहेर बोलू नकोस हे. लोक काय म्हणतील? हिला स्वतःला उठता येत नाही आणि ही आपल्याला उठवते?" आणि मग हळूच म्हणाल्या, "का लोकांचं चढलं तुझ्या अंगावर?" बस. ते वाक्य माझ्या काळजात जे घुसलं ते घुसलं.

आमच्या घरात दुखायचा मान फक्त आईंचा. त्यांचे गुडघे. रोज तिन्हीसांजेला स्टोव्हवर वीट तापायची, तिला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळायचा, आणि ती घेऊन आई आतल्या खोलीत पडदा ओढून बसायच्या. त्या वेळी आत कोणी जायचं नाही. "आईचे गुडघे," हे पण आवाज खाली करून म्हणायचे. त्या विटेला दुसरं कोणी हात लावायचं नाही, ती स्टोव्हच्या मागे उभी असायची, एका अंगाला काळी पडलेली.

ह्यांनी मला डॉक्टरकडे नेलं, नाही असं नाही. डॉक्टरने सगळं ह्यांनाच विचारलं. जेवते का, झोपते का, घरात काही टेन्शन? मी समोर स्टुलावर बसलेली. मग म्हणाला, बाळंतपणानंतर बायकांचं होतं असं, कॅल्शियम देतो, घरकाम करू दे, अंग मोकळं होईल. त्याच डॉक्टरने मागच्याच वर्षी ह्यांची कंबर लचकली तेव्हा आठ दिवस झोपून राहा म्हणून लिहून दिलेलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं तसं ह्यांना. हे म्हणाले, "अगं, माझं कंपनीत झालेलं ना." मला वाटलं बरोबर आहे, घरात झालेलं कसं धरणार.

आता मनी वर्तकनगरला राहते, तिने मला तिथल्या एका फिजिओकडे नेलं, कोवळी पोरगी आहे, गोड बोलते. तिने विचारलं, "आजी, शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" मी म्हटलं, बाळा, कोणासमोर सांगायचंय त्यावर आहे. ती हसली. मी काही हसण्यासाठी बोलले नव्हते.

तर ते चढण्याचं. आई एकदा बोलून विसरल्या, पण मी नाही विसरले. मी विचार करायला लागले. इतक्या लोकांच्या पाठीवर मी पाय ठेवते, त्यांचं दुखणं जातं, तर ते जातं कुठे? कुठेतरी जात असणारच. पायातून वर येत असणार. म्हणून तर डावाच पाय, म्हणून तर कमरेपर्यंत. आणि कमरेच्या वर काय? छाती. आणि छातीला मनी. हे मला एका रविवारी लख्ख कळलं. कंपनीतल्यांचं, तेलगू बायांचं, त्या एक्स-रेवाल्या काकांचं, सगळ्यांचं दुखणं मी माझ्या पोरीला दुधातून पाजतेय. तेव्हापासून मी रविवारी पाय मिठाच्या पाण्याने धुवायचे, हळद लावायचे, आणि संध्याकाळपर्यंत मनीला जवळच घ्यायचे नाही. साखरपाणी द्यायचे, बाटलीचं दूध द्यायचे, ती बाटलीला तोंड लावायची नाही, रडायची. मग मला सोमवारची पण भीती वाटायला लागली, एका दिवसात सगळं उतरत असेल का? मग सोमवारी पण दुपारपर्यंत नाही. मनी वाळायला लागली. दवाखान्यातल्या नर्सने वजन घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. आई म्हणाल्या हिचं दूधच कमी, शतावरी आणा, शेपूची भाजी करा. मी खाली मान घालून शेपू खायचे. दूध इतकं होतं की ब्लाउज भिजायचे. मोरीत उभं राहून ते भिंतीवर पिळून टाकायचे आणि वरून पाणी ओतायचे, आणि बाहेर पोरगी त्याच दुधासाठी टाहो फोडत असायची. कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर लोकांनी दोन्ही धरलं असतं, हिला पण दुखतं आणि हिच्या दुधात पण आहे.

त्या रविवारी गर्दी होती. होळी झालेली, लोक नाचून आलेले, सगळ्यांच्या कमरा भरलेल्या. चार-पाच जण झाले आणि मला पाय उचलवेना. तार नुसती जळत होती. आत गाद्यांवर मनी रडत होती, आई तिला बाटली द्यायला बघत होत्या, "घे गं बाई, घे," म्हणत होत्या. हिराबायची पाळी आली. तिने पाटी भिंतीला लावली, पालथी झोपली, म्हणाली, "मार गो पोरी." मी पाय उचलला. एकदा ठेवला. दुसऱ्यांदा उचलला आणि कमरेत खाडकन काहीतरी झालं, मला दिसेनासं झालं, आणि मी तिच्या पाठीवरच बसले. बसले म्हणजे पडलेच. ओट्यावरचे हसले, त्यांना वाटलं होळीचीच काही मस्करी. कोणीतरी म्हणालं, "वहिनी, लाथ सांगितलेली, आसन नाही!"

हिराबाय माझ्याखालून सरकून बाहेर आली. मला उठता येईना. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग ब्लाउजकडे. पुढे दोन्ही बाजूला ओले गोल. मग आत रडणाऱ्या मनीकडे मान वळवली.

"काय गो, एवढा दूध हाय तुना, न पोर कनाला रडतंय?"

मी पदर पुढे ओढून घेतला.

"पाज ना तिला."

"नको," मी म्हटलं. "आज नको."

"आज कनाला नको? एकादशी हाय?"

आणि मग मला काय झालं माहीत नाही, मी सगळं बोलून गेले. तिथेच, उंबरठ्यावर बसून, श्वास न घेता, रडत रडत. पाठ दुखते, मनी झाल्यापासून दुखते, तुमचं सगळ्यांचं माझ्यात चढलंय, ते दुधात उतरतंय, पोरगी मरेल माझी, मी तिला पाजणार नाही, पाडणार पण नाही, मला कोणी हात लावू नका. रेतीच्या होडीचं इंजिन तेवढं फटफट करत होतं. आई मनीला कडेवर घेऊन, बाटली हातात धरून आतल्या दारात उभ्या होत्या.

हिराबाय हसायला लागली. मला आधी कळलंच नाही की ती हसतेय, वाटलं खोकतेय. पदर तोंडाला लावून, सगळं अंग हलवत हसली. "अगो येडे! माजा दुखणा तुज्यात चढला? मंग माज्याकडं काय रवला? मी दर आयतवारी आयले, दर सोमवारी परत दुखली. माजा कुठंपण गेला नाय गो, माजा माज्याकडंच हाय!" मग हसणं थांबवून म्हणाली, "पाच पोरां पाजली याच कमरेनं. जा, बघ खाडीवर, होड्या ओढतात. एक तरी वाकडा हाय?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, मग येतेस कशाला? दर रविवारी?

तिने पाटी सरळ केली, उगीचच. "आठ दिवसांत तेवढाच पडायला गावतं," ती म्हणाली. "घरी पडले त मानसां म्हनतात, का पडलीस."

ती उठली, आईंच्या हातून मनीला घेतलं, कोणाला न विचारता, आणि माझ्या मांडीत आणून ठेवली. ओट्यावरच्या पुरुषांना म्हणाली, "बघताव काय? तोंडां फिरवा, न घरी जावा. पायाळू बंद हाय आज." बँकेतल्या काकांनी एक्स-रे गुंडाळला आणि सगळ्यात आधी निघाले. मनीने इतक्या जोरात ओढलं की मला दुखलं. भीती गेली नाही, खोटं कशाला सांगू, ती पीत होती आणि मी तिचे पाय दाबून बघत होते, ताठ झाले का, गार पडले का. ती पिऊन झोपली. सकाळी उठली तर हसली. मग दुसऱ्या दिवशी परत बघितलं. असे कितीतरी दिवस मी तिला पाजायचे आणि पाय बघायचे.

पण मी त्या संध्याकाळचं सांगत होते. लोक गेले, आईंनी दार लावून घेतलं. मला वाटलं झालं, आता माहेरी पाठवणार, चारचौघांत अब्रू घालवली. मी भिंतीला टेकून तशीच पडलेले, उठता येत नव्हतं. स्टोव्हचा आवाज आला, पंप मारल्याचा, मग सूं सूं. वीट तापत होती. तिन्हीसांजा झालेल्या, आईंच्या गुडघ्यांची वेळ. आई वीट गुंडाळून आल्या आणि पडद्याकडे गेल्याच नाहीत. माझ्या शेजारी बसल्या. "वळ," म्हणाल्या. मी वळले. त्यांनी वीट माझ्या कमरेला लावली, बरोबर त्या जागेवर, जिथून तार सुरू होते. मी त्यांना जागा कधीच दाखवली नव्हती.

"इथेच ना?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"आणि मग पायात जातं. शिंक आली की जास्त."

मी मान वळवून बघायला गेले तर म्हणाल्या, समोर बघ. त्यांनी वीट जरा खाली सरकवली. मग म्हणाल्या, "ह्याच्या बाळंतपणापासून आहे माझं. गुडघे बरे आहेत गं माझे. गुडघे म्हटलं की लोक म्हणतात, बिचारी, वय झालं. कंबर म्हटलं की म्हणतात, कामचुकार." माझ्या सासूने पंचवीस-सव्वीस वर्षं पडद्यामागे कमरेला वीट लावली आणि बाहेर गुडघे सांगितले. मला राग आला. खरंच आला. मी एकदा सांगितलं होतं तेव्हा हीच बाई तांदूळ निवडत होती. पण विटेचा शेक लागत होता, आणि मी कंबर विटेला आणखी टेकवली. आज पण तो राग थोडा आहे, शेकाबरोबरच आहे, दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

हे पाळीवरून आले. चाळीत त्यांना सगळं कळलंच असणार, दारातच उभे राहिले. आई म्हणाल्या, "उद्या येताना एक वीट आण. चांगली भाजलेली."

"कशाला? आहे की."

"एक पुरत नाही."

"कोणाचं दुखतंय?"

"दोघींचं," आई म्हणाल्या. "कंबर." घरातल्या बाईचं दुखणं म्हणून तो शब्द त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने बोलला गेला.

ह्यांनी आणली वीट, कुठल्याशा बांधकामावरून, पण ती कच्ची निघाली, स्टोव्हवर फट्कन दोन तुकडे. मी लाथा मारणं त्यानंतर सोडलं. रविवारी दोन-चार जण येऊन परत जायचे, काही जण बोलायचे पण, आई ओट्यावर बसून त्यांना म्हणायच्या, "तिलाच दुखतं, ती काय उठवणार तुम्हाला." हिराबाय मात्र यायची. पालथी पडायची उंबरठ्यापाशी, थोडा वेळ, कोणी तिला का पडलीस म्हणायचं नाही, आणि जवळा ठेवून जायची. माझं दुखणं काही गेलं नाही, अजून आहे, लिहिताना पण मी मध्ये दोनदा उठून उभी राहिले.

वीट एकच राहिली. ती एका अंगाला काळी झालेली जुनी. तिन्हीसांजेला पडदा ओढून आम्ही दोघी आत बसायचो, गरम आहे तोवर एकीने लावायची, कोमट झाली की दुसरीने, आणि पहिल्या दिवशी ती माझ्याकडे ढकलून आई म्हणाल्या, "आधी तू घे. पोरगी उठायच्या आत."